नरहरअण्णांचा उजवा डोळा

नरहरअण्णा शेलारांनी मला पहिल्या भेटीतच मारलं. नमस्कार नाही, नाव-गाव नाही, थेट मनगटावर काठी. हातातला फोन उडून दगडावर पडला आणि त्याची काच फुटल्याचा आवाज मी आजही विसरलेले नाही.

मला तिथे नेलं होतं माझ्या थोरल्या भावानं. विनूदादा धारवाडच्या कोर्टात वकिली करतो आणि दर अमावास्येला अण्णांबरोबर कलघटगीच्या पुढे एका माळावर तारे बघायला जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या माळाखालच्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे कळेलच. मी शाळेत भूगोल शिकवते. सव्वीस वर्षं फळ्यावर सूर्यमाला काढली, पण दुर्बिणीतून एक ग्रहसुद्धा पाहिलेला नव्हता. दादाच्या मागे लागून एका एप्रिलमध्ये गेले. गाडीतून उतरताना पायाखालचं दिसेना म्हणून फोन काढला, तोच हा प्रसाद मिळाला.

"तुम्ही माणूस आहात की जनावर?" मी ओरडले.

"जनावरच," अंधारातून घोगरा आवाज आला. "जनावराला अंधारात दिसतंय. तुमच्या त्या डबड्यानं आमची अर्ध्या तासाची कमाई घालवली. आता वीस मिनिटं गप्प बसा. रडायचं असेल तर आवाज न करता रडा."

मनगट चोळत, मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याची सात पिढ्यांची पूजा बांधत मी दगडावर बसून राहिले. हळूहळू एकेक गोष्ट उमटायला लागली. आधी माझेच पांढरे कॅनव्हासचे बूट, मग दादाचा चष्मा, मग ड्रमाएवढ्या जाड नळीची दुर्बीण आणि तिच्याशेजारी खुरटी दाढी वाढलेला, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. मग मी वर पाहिलं. आमच्या धारवाडच्या गच्चीवरून मोजून पन्नास-साठ तारे दिसतात. इथे मोजायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. एरवी ओळखीचे असणारे सप्तर्षीसुद्धा त्या गर्दीत हरवले होते.

"या बाई," अण्णा म्हणाले. "हात लावायचा नाही. श्वास काचेवर सोडायचा नाही. नरतुरंगातला ओमेगा तारकागुच्छ आहे. बघा आणि काय दिसतंय ते सांगा."

मी डोळा लावला. काळ्या परातीत कोणीतरी रवा सांडला होता आणि त्यातला कण न् कण जळत होता. मी बघतच राहिले. "सांगा की!" अण्णा खेकसले. मला सांगता येईना. मी रडत होते, आणि ते मनगट दुखत होतं म्हणून नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हा माणूस हुबळीहून आमच्या दारात हजर. माफी वगैरे काही नाही. स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला, "हा वापरा, मला फोन उचलायला आवडत नाही" म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. पुढचे चार दिवस गोकुळ रोडवरचे कारखानदार मला फोन करून शाफ्ट का झाला नाही म्हणून शिव्या घालत होते.

गोकुळ रोडला अण्णांचा लेथचा कारखाना होता. तीन लेथ, एक ड्रिल आणि सगळीकडे तेलाचा वास. वडील कागलकडून आलेले, पण अण्णांचा जन्म हुबळीतला. मराठीत भांडायचे, कन्नडमध्ये शिव्या द्यायचे. ऐन तिशीत लेथवरून उडालेला लोखंडाचा कीस त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला होता. तेव्हापासून त्या डोळ्यानं समोर ट्रक आहे की भिंत, एवढंच कळे. उरला उजवा. तो डोळा म्हणजे अण्णांचं दैवत होतं. ऊन लागू नये म्हणून टोपी, धूळ जाऊ नये म्हणून गॉगल, आणि अमावास्येला तर कहरच. दुपारी चार वाजता ते उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधत. रात्रीपर्यंत तो डोळा अंधारात मुरला पाहिजे, असं त्यांचं शास्त्र. म्हणजे चांगला डोळा बांधलेला आणि अधू डोळा उघडा, अशा अवस्थेत हा माणूस स्कूटरवर बसून कारखान्यातून उणकलच्या आपल्या घरी यायचा.

एका अमावास्येला त्यांनी पेरूची हातगाडी उडवली. पेरू रस्ताभर झाले. गाडीवाल्यानं साहजिकच आंधळा आहेस का म्हणून विचारलं. "आंधळा नाही रे, बघायची तयारी करायलोय!" म्हणत अण्णांनी त्याच्या कानाखाली काढली. त्यानं तराजूतलं वजन फेकून मारलं. अण्णांची भुवई फाटली, तीही पट्टीच्या बाजूची. ते तसेच घरी आले, पत्नीला म्हणाले, "रक्त डोळ्यात गेलंय का बघ." शारदक्कांनी पट्टी वर करून पाहिलं आणि डोळा शाबूत आहे म्हटल्यावर याच बाईनं त्यांना उलथन्यानं दोन रट्टे दिले. हे मला खुद्द शारदक्कांनीच सांगितलं. वर म्हणाल्या, "त्या रात्री मी पाठवणार नव्हते. पण रोखून धरलं तर घरातली भांडी फुटतात."

घरात भांडी फुटत, हे खरं आहे. मला या माणसाची आरती ओवाळायची नाही. त्यांच्या हाताला लगाम नव्हता आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. शारदक्का उलट मारायच्या म्हणून ते घर टिकलं, असं मला वाटतं.

सर्वांत मोठी तोडफोड मात्र त्यांनी स्वतःच्याच वस्तूची केली. दुर्बिणीचा बारा इंची आरसा ते हातानं घासत होते. कारखान्याच्या माळ्यावर पाण्यानं भरलेलं पिंप, पिंपावर काच, काचेवर काच, मध्ये घासायची पूड आणि भोवती गोल गोल फिरणारे अण्णा. एक फेरी, एक घास, पुन्हा फेरी. दिवसभर लेथ आणि संध्याकाळी हे. दोन पावसाळे गेले तेव्हा आरसा तयार झाला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. गोकुळ रोडवर त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, हार घालून पुजतात. शारदक्कांनी लेथला कुंकू लावलं, ड्रिलला लावलं, माळ्यावर गेल्या, तिथे ही नवी लखलखीत वस्तू दिसली, तिलाही बरोबर मध्यावर बोट भरून हळदीकुंकू लावलं, आणि जरा जास्त झालं म्हणून पदरानं पुसलं.

आरशावर ओरखडे उठले. खरं तर मध्यभागी उठलेल्या दोन ओरखड्यांनी फार बिघडत नाही, हे मला पुढे दादानं समजावलं. अण्णांनाही ते माहीत होतं. त्यांनी आरसा खिडकीशी नेऊन पाहिला, खाली ठेवला आणि हातोडी घेऊन त्याचे तुकडे केले. हात रक्तबंबाळ झाले तरी थांबले नाहीत.

"आयुध आहे म्हणून पूजा केली," शारदक्का म्हणाल्या. "माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही," अण्णा म्हणाले. एवढं होऊनही त्यांनी बायकोला बोटही लावलं नाही, याचं सगळ्या गोकुळ रोडला आश्चर्य वाटलं. हाताच्या जखमा भरायला पंधरा दिवस लागले. सोळाव्या दिवशी ते दुसरी काच घेऊन पिंपाभोवती फिरायला लागले. तो दुसरा आरसा बसवलेल्या दुर्बिणीतूनच मी पहिल्यांदा पाहिलं.

माळ बसप्पाचा होता. बसप्पा शेतकरी, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मळणीयंत्राचे भाग अण्णांकडे तयार व्हायचे. आम्ही यायच्या दिवशी बसप्पा गावात सांगून ठेवायचा की हुबळीची माणसं आली आहेत, घाबरू नका. गावातली पाच-दहा माणसं मग बॅटऱ्या घेऊन बघायला यायची आणि अण्णांचं डोकं फिरायचं. एका फेब्रुवारीत बसप्पा मुलीच्या बाळंतपणासाठी गदगला गेला होता. दादानं विचारलं, "गावात कोणाला सांगायचं?"

"कुणाला सांगायचं नाही," अण्णा म्हणाले. "सांगितलं की बॅटऱ्या येतात. एक रात्र तरी निवांत बघू द्या."

ही चूक आमच्यासारख्यांनीच करावी. गावात त्या महिन्यात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. मैलारप्पा नावाच्या पन्नाशीच्या शेतकऱ्याची तर दोनदा गेली होती आणि त्याची मिरची उभ्या उभ्या वाळली होती. गाव पहाऱ्यावर होतं. आणि अशा रात्री आम्ही अण्णांच्या नियमाप्रमाणे दिवे बंद करून गाडी आणली, लांब झाडाखाली लावली, कुजबुजत, चाचपडत एक जाडजूड, गोणपाटात गुंडाळलेली वस्तू तिघांनी मिळून माळावर नेली आणि अंधारात गप्प बसून राहिलो. चोर याहून वेगळं काय करतात?

"यारले अदु?" कोण आहे रे, असा आवाज आला आणि पाठोपाठ पाच-सहा बॅटऱ्यांचे झोत आमच्या तोंडावर पडले.

दादा वकील आहे. त्यानं उठून हात वर केले असते, नाव सांगितलं असतं, तर सगळं निभावलं असतं. तो उठतच होता. पण अण्णांनी तासाभरापूर्वी उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडली होती आणि झोत नेमका त्या डोळ्यात गेला होता.

"लाईट बंद माडले!" बंद कर रे, असं ते गर्जले, आणि धावत जाऊन त्यांनी पहिल्या माणसाच्या हातावर काठी हाणली. बॅटरी उडून पडली.

"कळ्ळर!" कोणीतरी ओरडलं. चोर, चोर. मग लाठ्याच लाठ्या.

मला क्रम नीट आठवत नाही. दादाचा हात मोडल्याचा आवाज आठवतो. वाळकी फांदी मोडावी तसा होता. अण्णा दुर्बिणीवर पालथे पडले होते आणि तिला कवटाळून शिव्या देत होते, आणि पाठीवर मार बसत होता. कोणीतरी त्यांना केसांना धरून उताणं केलं. मी धडपडत गाडीपर्यंत गेले, गाडी सुरू केली आणि मोठे दिवे सोडून थेट त्या घोळक्यावर घातली. उजेडात सगळ्यांनी सगळ्यांना पाहिलं. मोडक्या हाताचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, गाडीतून किंचाळणारी पांढऱ्या केसांची बाई, आणि जमिनीवर एक म्हातारा. मैलारप्पाची लाठी अजून वर होती. तिचं टोक ओलं होतं.

अण्णांनी तोंडावर हात दाबून धरला होता. बोटांतून रक्त येत होतं. "बाई," ते म्हणाले, "दिवे काढा ते. डोळ्यांना त्रास होतोय."

उजवा डोळा गेला. हुबळीच्या डॉक्टरांनी तो काढूनच टाकला. शुद्धीवर आल्यावर अण्णांनी शारदक्कांना एकच विचारलं, "पूर्ण?" त्या हो म्हणाल्या. पुढे तीन दिवस त्यांनी कोणाला एक शिवीही दिली नाही. त्या माणसाच्या शिव्यांची इतकी सवय झाली होती की ती शांतता मला सहन होईना. मी व्हरांड्यात जाऊन बसायची.

पोलिसांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. दादाचा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्याला सगळ्या गावाला तुरुंगात पाठवायचं होतं. मलाही तेच हवं होतं. गावची पाच माणसं बसप्पाबरोबर अण्णांच्या घरी आली. मैलारप्पा दाराबाहेरच उभा होता, आत यायला तयार नव्हता.

"कुणी मारलं?" अण्णांनी विचारलं.

मैलारप्पा आत आला आणि त्यांच्या पायांवर पडला. अण्णांनी त्याच पायानं त्याला ढकललं.

"रडू नकोस. मला तुझ्या रडण्याचा काय उपयोग? तक्रार करत नाही. पण माफ केलं असंही समजू नकोस. दर अमावास्येला माळावर यायचं. दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दिसेल ते सगळं मला सांगायचं. मी मरेपर्यंत. एक अमावास्या चुकवलीस तर दुसऱ्या दिवशी पोलीस येतील."

दादा चिडला, पण करणार काय? आणि खरोखर, उन्हाळ्यापासून ते सुरू झालं. मी जात राहिले, कारण कोणीतरी गाडी चालवायला हवी होती. पहिल्या रात्री मैलारप्पानं डोळा लावला आणि म्हणाला, "चलो ऐति." छान आहे. अण्णांनी त्याच्या नडगीवर काठी मारली. "चलो म्हणजे काय? वांगंसुद्धा चलो असतंय. किती? कुठला रंग? कडेला काय, मध्ये काय?" मैलारप्पाला अक्षर येत नव्हतं, पण शेतकऱ्याची नजर. तो शिकला. शनीचं कडं कोणत्या बाजूला झुकलंय, कुठला तारा पिवळट आणि त्याच्या शेजारचा निळा, हे तो सांगायचा आणि अण्णा डोळे मिटून, मान हलवत ऐकायचे. चुकला की मारायचे. मैलारप्पा मार खायचा. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "अण्णा, पुरे की आता." ते म्हणाले, "बाई, त्याला विचारा, पुरे का?" मैलारप्पा मान खाली घालून म्हणाला, "नाही टीचर, असू दे."

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले, झोपेतच. त्याआधीची मे महिन्यातली अमावास्या ही माझी त्यांच्याशी शेवटची भेट.

त्या रात्री ओमेगा गुच्छ बघायचा होता. तो दक्षिणेला, आणि तेच आभाळ खराब झालेलं होतं. माळाच्या उताराखाली कोणी नवी पोल्ट्री काढली होती आणि शेडवर मोठा फोकस लावला होता. फोकस आम्हाला दिसत नव्हता, पण दक्षिणेकडचं आभाळ ताकासारखं पांढुरकं झालं होतं. अण्णांना ते कळण्याची सोय नव्हती. मी मैलारप्पाकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. दोघांनीही काही सांगितलं नाही. त्यानं डोळा लावला.

"बोल," अण्णा म्हणाले.

"दिसतंय अण्णा. पुष्कळ आहेत. ज्वारीच्या राशीसारखे. मध्ये दाट, कडेला विरळ."

हे तो मागच्या वर्षी जसंच्या तसं बोलला होता. अण्णांनी चाचपडत त्याची मान पकडली आणि फाडकन थोबाडीत दिली. "खोटं बोलतोस? माझ्याशी? डोळा माझा आहे तो!"

मैलारप्पानं सांगून टाकलं. फोकस, पोल्ट्री, सगळं. आता हा माणूस काठी घेऊन आंधळ्यासारखा उतारावर धावत सुटणार म्हणून मी त्यांचा दंड धरला. पण अण्णा खाली बसले. माळावरच, गवतात, पाय पसरून. "जाऊ दे," ते म्हणाले. "बाई, गाडी काढा. संपलं हे. घरी चला." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'जाऊ दे' कधी ऐकलं नव्हतं.

मैलारप्पा खाली त्याच्या शेतातल्या खोपीकडे गेला. परत बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाखरं हाकायची गोफण होती. तो उतारावरून दिसेनासा झाला. गोफण फिरल्याचा घुमता आवाज आला, मग दगड पत्र्यावर आदळल्याचा. पुन्हा एकदा पत्रा. तिसऱ्या वेळी काच फुटली आणि हजारभर कोंबड्या एकदम किंचाळायला लागल्या. दक्षिणेचं आभाळ खाडकन काळं झालं.

"काय झालं?" अण्णा गुडघ्यांवर उठत ओरडले. "बाई, काय झालं?"

मी उत्तर द्यायच्या आत मैलारप्पा धापा टाकत वर आला. खाली माणसं ओरडत होती, कुत्री भुंकत होती. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाळावरचा घाम पुसून त्यानं दुर्बिणीला डोळा लावला, आणि लावताच तो बोलायला लागला, भरभर, कन्नडमध्ये, मराठीत, श्वास न घेता, इतके आहेत अण्णा, इतके आहेत, आणि अण्णांनी गवतातून सरपटत जाऊन दोन्ही हातांनी त्याचा पाय घट्ट धरला.

"हळू, गाढवा," ते म्हणाले, "हळू सांग. डावीकडून सुरू कर."